दगड उकळताना पाहणारा माणूस : ॲक्सेल क्रॉनस्टेड

शहापूरहून कसारा घाट चढा किंवा मुरबाडहून माळशेज, काळा कातळ सोबतीला असतोच. सह्याद्रीच्या या बेसाल्टमधल्या पोकळ्यांत कधीकधी पांढरे, गुलाबीसर स्फटिक सापडतात. आपण त्यांना सरसकट गारगोटी म्हणून मोकळे होतो. त्यातल्या बऱ्याच स्फटिकांचं खरं नाव आहे झिओलाइट. हे नाव दिलं स्वीडनच्या एका खाणवेड्या माणसाने.

ॲक्सेल फ्रेडरिक क्रॉनस्टेड. जन्म 1722 चा. वडील लष्करात, पोराला मात्र नाद दगडांचा. कोबाल्ट शोधणाऱ्या गेऑर्ग ब्रांट यांच्याकडे ते रसायनशास्त्र शिकले. 1751 मध्ये त्यांनी निकेल शोधलं, पण हा नवा धातू नसून मिश्रण आहे, असं म्हणणारे बरेच निघाले.

क्रॉनस्टेड यांचं आवडतं हत्यार होतं फुंकणी, आपले सोनार वापरतात तशीच. ज्योत फुंकून दगडावर सोडायची आणि काय होतं ते बघायचं. 1756 मध्ये एक खनिज असं तापवलं, तर ते चक्क फसफसलं. ग्रीक भाषेत 'झेओ' म्हणजे उकळणं, 'लिथोस' म्हणजे दगड. झालं बारसं!

हे पाणी होतं स्फटिकातल्या अतिसूक्ष्म छिद्रांत. गंमत म्हणजे पाणी निघून गेलं तरी स्फटिकाचा सांगाडा तसाच राहतो आणि पुन्हा पाणी शोषतो.

आज याचाच उपयोग इथेनॉलसाठी होतो. उसाच्या मळीपासून इथेनॉल बनवताना साधं ऊर्ध्वपातन वजनाच्या सुमारे 95.6 टक्क्यांवर अडतं. पुढे कितीही उकळा, पाणी आणि अल्कोहोल एकत्रच वाफ होतात. पेट्रोलमध्ये मिसळायला मात्र जवळपास कोरडं इथेनॉल लागतं. इथे कामी येतं कारखान्यात बनवलेल्या झिओलाइटचं पातळ पटल. त्याची छिद्रं साधारण 4 अँगस्ट्रॉमची. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग! पाण्याचा रेणू 3 पेक्षाही लहान, इथेनॉलचा 4 पेक्षा मोठा. शिवाय या झिओलाइटला पाण्याची ओढ भारी. त्यामुळे पाणी पलीकडे जातं, अल्कोहोल अलीकडे राहतं. सगळं द्रावण पुन्हा उकळायची गरज नाही, म्हणून इंधनही वाचतं.

क्रॉनस्टेड यांना यातलं काहीच पाहायला मिळालं नाही. दगड दिसतो कसा यापेक्षा तो बनलाय कशाचा, यावरून खनिजांची वर्गवारी करणारं पुस्तक त्यांनी 1758 मध्ये काढलं, तेही स्वतःचं नाव न घालता. 1765 मध्ये, अवघ्या 42 व्या वर्षी ते गेले. निकेल हा खरोखरच स्वतंत्र धातू आहे, हे टॉर्बर्न बर्गमन यांनी दाखवून दिलं ते 1775 मध्ये.