कर्नल कॉलिन मॅकेंझी : घडीच्या पुस्तकांचा संग्राहक

बंगळुरात राज्य सरकारच्या कोणत्याही कचेरीत पाऊल टाकले की एक शब्द हमखास कानी पडतो. तो शब्द म्हणजे कडत. इंग्रजी फाईलला कन्नड कारभाराने दिलेले हे नाव होय. फाईल निकालात काढणे याला तेथे ‘कडत विलेवारी’ म्हणतात, आणि त्यांतील विलेवारी आपल्या विल्हेवाटीच्या जवळच्या नात्यातली आहे, हे कोणाही मराठी माणसाच्या सहज ध्यानात यावे. केंद्र सरकारच्या नोकरीत प्रस्तुत लेखकाचे उभे आयुष्य फायलींच्या सहवासात गेले. परंतु कडत हे मूळचे एका घडीच्या पुस्तकाचे नाव आहे, आणि तशी पुस्तके वेचीत एक परदेशी माणूस याच मुलखात दहा वर्षे हिंडला होता, हे त्याला फार उशिरा कळले. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने त्या माणसाचे चरित्र थोडक्यात सांगावे असे योजिले आहे.

प्रथम कडत म्हणजे काय ते पाहू. वीतभर ते फूटभर रुंदीची आणि बारा ते अठरा फूट लांबीची कापडाची पट्टी घ्यावयाची. तिला दोन्ही अंगांनी खळ आणि कोळशाची पूड यांचा लेप देऊन ती काळी कुळकुळीत करावयाची. वाळल्यावर न कापता, पेटीच्या भात्याप्रमाणे, उलटसुलट सारख्या घड्या घालावयाच्या आणि दोन्ही टोकांना लाकडी फळ्या लावावयाच्या. झाले पुस्तक तयार! त्यावर बळपाने, म्हणजे संगजिऱ्याच्या पांढऱ्या लेखणीने लिहीत. शाळेतल्या पाटीवरच्या पेन्सिलीला येथील मुले आजही बळपच म्हणतात. लिहिलेले ओल्या फडक्याने पुसता येई आणि त्याच पानावर पुन्हा लिहिता येई. व्यापाऱ्यांचे हिशेब, शानभोगांचे जमिनीचे दाखले, मठांची दप्तरे अशा सर्व कामी कडते वापरीत. शृंगेरीच्या मठाने आपली कडते पिढ्यान्‌पिढ्या जतन केली. म्हैसूरचा रेसिडेंट मार्क विल्क्स याने आपल्या दक्षिण हिंदुस्थानच्या इतिहासात या पुस्तकांचे बारकाईने वर्णन केले आहे.

अशी घडीची पुस्तके जगात अन्यत्रही आहेत. चीनमधील बौद्ध सूत्रग्रंथ, ब्रह्मदेशातील काळी परबाइके आणि मेक्सिकोतील हरणाच्या कातड्यावरच्या चित्रपोथ्या ही सारी त्याच जातीची. पाश्चात्य देशांतील आधुनिक चित्रकारही घडीची पुस्तके छापतात आणि हौशी संग्राहक ती मोठ्या आवडीने जमवितात. अशा पुस्तकाला ते लेपोरेल्लो म्हणतात. मोझार्टच्या एका संगीत नाटकातला या नावाचा नोकर आपल्या धन्याच्या प्रेमपात्रांची लांबलचक यादी उलगडून दाखवितो, त्यावरून हे नाव पडले. आपल्या चरित्रनायकाने मात्र घडीची पुस्तके जमविली ती हौसेसाठी नव्हे, तर त्यांच्या आत काय लिहिले आहे ते जाणण्यासाठी.

कॉलिन मॅकेंझी याचा जन्म १७५४ च्या सुमारास स्कॉटलंडच्या वायव्येस असलेल्या लुईस बेटावर, स्टॉर्नोवे या गावी झाला. तारुण्यात त्याने तेथेच जकात खात्यात नोकरी केली. गणिताची त्याला उपजत आवड होती. लॉगॅरिथम शोधून काढणाऱ्या जॉन नेपियरच्या वंशजांशी त्याचा परिचय झाला. आपल्या पूर्वजाच्या चरित्रासाठी त्यांना हिंदूंच्या गणिताची माहिती हवी होती. या ओढीतूनच मॅकेंझीचे लक्ष हिंदुस्थानाकडे वळले. १७८३ मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मद्रासेस आला आणि पुढे इंजिनिअरांच्या पथकात दाखल झाला. नेपियर घराण्यातील एक कन्या तेव्हा मदुरेस राहत होती. तिच्या घरी त्याची तेथील विद्वान ब्राह्मणांशी गाठ पडली, आणि गणिताच्या शोधात आलेल्या या माणसाला येथील इतिहासाने जे पछाडले ते कायमचेच.

पहिली तेरा वर्षे लढाया, किल्ले आणि मोजणी यांतच गेली. टिपूविरुद्धच्या मोहिमांत तो होता, निजामाच्या मुलखाची मोजणी त्याने केली. संग्रहाचे काम मात्र पुढे सरकेना, कारण एकही देशी भाषा त्याला येत नव्हती. ती उणीव १७९६ मध्ये भरून निघाली. एलुरूचा कावली वेंकट बोरय्या हा विशीतला तरुण त्याच्या पदरी आला. संस्कृत, तेलुगू, तमिळ, कन्नड अशा अनेक भाषा त्याला अवगत होत्या आणि माणसे जोडण्याची विलक्षण हातोटी त्याच्यापाशी होती. हिंदू ज्ञानाचे दार आपल्यासाठी बोरय्याने उघडले, अशी कबुली मॅकेंझीने पुढे मोकळेपणाने दिली आहे.

१७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले, आणि म्हैसूर राज्याची मोजणी मॅकेंझीकडे सोपविण्यात आली. याच सुमारास, १८०० साली, लॅम्टन हा दुसरा अधिकारी बंगळूरजवळ आपल्या त्रिकोणमितीय मोजणीची आधाररेषा आखीत होता. लॅम्टनचे डोळे नक्षत्रांकडे आणि दूरच्या डोंगरमाथ्यांकडे असत. मॅकेंझीचे गावातल्या चावडीकडे. सुमारे चाळीस हजार चौरस मैलांच्या मुलखातील रस्ते, तळी, पिके, गावे आणि सीमा यांची नोंद तर त्याने केलीच. शिवाय गावाचा इतिहास, देवळाची सनद आणि राजघराण्याची वंशावळ हेही मोजणीचेच विषय मानले. खर्च फार होतो म्हणून कंपनीने आरंभीच तरतुदीला कात्री लावली. हिवतापाने त्याची माणसे अंथरुणाला खिळली. जुन्या वस्तू व ग्रंथ जमविण्याचा बराचसा खर्च तो पदरमोड करून भागवी.

कामाची रीत साधी होती. साहेब गावात पोचण्यापूर्वी बोरय्या किंवा त्याचा सोबती पुढे जाई. शानभोग, पुजारी, मठाधिपती यांना भेटे आणि कडते, ताडपत्रे, ताम्रपट पाहावयास मागे. लोक सहजी काही दाखवीत नसत. राज्य नुकतेच बदललेले. जुना कागद दाखविला तर सारा वाढेल किंवा इनाम जाईल, ही धास्ती. मग समजूत घालावी, वृद्धांकडून तोंडी हकीकत लिहून घ्यावी, मूळ मिळाले तर विकत घ्यावे, नाही तर तेथेच बसून नक्कल करावी. या नकलेचे मोल आज कळते. बळपाचे अक्षर पुसट होते, एका ओल्या फडक्यासरशी नाहीसेही होते. शाईने कागदावर उतरलेले टिकून राहते.

बोरय्या १८०३ मध्ये, ऐन पंचविशीत, वारला. त्याचा भाऊ लक्ष्मय्या याने ते काम हाती घेतले. जुन्या कन्नड शिलालेखांची लिपी उलगडण्यात मलेयूरचा जैन पंडित धर्मय्या याने मोठे साहाय्य केले. मदतनिसांत मराठी कारकूनही होते. १८१६ मध्ये टॉमस हिकी या चित्रकाराने काढलेले मॅकेंझीचे तैलचित्र लंडनमध्ये आहे. लाल डगल्यातल्या साहेबाभोवती त्यात तीन देशी माणसे उभी आहेत, आणि मागे टेकडीवर गोमटेश्वराची भव्य मूर्ती दिसते. त्या तिघांत दुर्बीण धरलेला जो शिपाई आहे त्याचे नाव कृष्णाजी. ते वाचताना मराठी माणूस क्षणभर थबकतोच.

म्हैसूरच्या मोजणीनंतर १८१० मध्ये मॅकेंझी मद्रास इलाख्याचा सर्व्हेयर जनरल झाला. १८११ मध्ये तो जावाच्या मोहिमेवर गेला. तेथेही त्याने ग्रंथ जमविले, आणि वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी एका डच तरुणीशी विवाह केला. १८१५ मध्ये तो साऱ्या हिंदुस्थानचा पहिला सर्व्हेयर जनरल झाला. १८१७ मध्ये लक्ष्मय्या प्रभृती आपल्या माणसांना घेऊन तो कलकत्त्यास गेला. संग्रहाची सविस्तर सूची करावी आणि त्याच्या आधारे लिहावे, ही त्याची इच्छा होती. परंतु सरकारी कामातून सवड मिळाली नाही. ८ मे १८२१ रोजी त्याचा देहान्त झाला. साऱ्या आयुष्याची जमवाजमव, पण स्वतःचा ग्रंथ एकही नाही!

सरकारने त्याच्या विधवेकडून तो संग्रह दहा हजार पौंडांना विकत घेतला. विल्सन याने १८२८ मध्ये त्याची सूची प्रसिद्ध केली. हस्तलिखित ग्रंथ १,५६८, स्थानिक हकीकती २,०७०, शिलालेखांच्या नकला ८,०७६, चित्रे २,६३० आणि नाणी ६,२१८, असा तो पसारा होता. हस्तलिखितांत मराठी ग्रंथही आहेत. पुढे हा संग्रह विखुरला. काही भाग लंडनला गेला, काही कलकत्त्यात राहिला, आणि दक्षिणी भाषांतील बहुतेक ग्रंथ मद्रासेस आले. ते आज चेन्नईच्या शासकीय प्राच्य हस्तलिखित ग्रंथालयात आहेत.

यानंतरची गोष्ट मनाला चटका लावणारी आहे. धन्याचे अपुरे काम मी पुरे करतो, असा अर्ज लक्ष्मय्याने केला. त्या ग्रंथांतील बहुतेक पाने त्याच्या हाताखालून गेली होती. एखादा कागद कोणत्या गावचा, तो कोणी व कशा परिस्थितीत दिला, हे त्याच्याइतके जाणणारा दुसरा कोणी नव्हता. परंतु देशी माणसाला हे काम झेपणार नाही, असा निर्वाळा कलकत्त्याच्या पंडितमंडळींनी १८३० नंतरच्या दशकात दिला, आणि काम विल्यम टेलर या पाद्र्याकडे गेले. ग्रंथ राहिले, पण ते जाणणारा माणूस दाराबाहेर उभा राहिला.

मॅकेंझी हा जेत्यांचा नोकर होता, हे विसरून चालणार नाही. त्याचे नकाशे कंपनीला राज्य चालविण्यासाठी हवे होते, आणि शानभोगांची भीती अगदीच अनाठायी नव्हती. तरीही त्याच्या संग्रहाविना दक्षिणेतील शेकडो गावांचा इतिहास आज आपल्याला लाभला नसता. आपल्याला भाषा येत नाहीत हे त्याने लपविले नाही, आणि ज्यांना येत होत्या त्यांना त्याने आपल्या चित्रात शेजारी उभे केले. अधिकाराच्या खुर्चीवर बसणाऱ्यांनी एवढा धडा घेतला तरी पुरे.

आणि आपण? या शहरातील कित्येक मराठी घरांच्या ट्रंकांत आजोबा-पणजोबांचे मोडी कागद अजून असतील. एखादी सनद, घरखर्चाची वही, लाल रुमालात बांधलेले पत्रांचे पुडके. ज्यांना ते वाचता येत होते ती पिढी बव्हंशी गेली. मुलांना देवनागरी येते, पण मोडी कोणाला येत नाही. आणि घर बदलताना रद्दीवाला दारी असतोच. मॅकेंझीच्या संग्रहाला ग्राहक मिळाला, जागा मिळाली, सूचीही मिळाली. पण लक्ष्मय्याला दूर सारताच त्याचा आवाज अर्धा लोपला. कागद जपणे हे अर्धेच काम. तो वाचणारा माणूस जपणे, नसल्यास तयार करणे, हे उरलेले अर्धे. आपल्या मंडळाने पुढील वर्षांत मोडीचा एक वर्ग चालवावा आणि सभासदांच्या घरच्या कागदांची साधी यादी करावी, अशी नम्र सूचना करून हा लेख पुरा करतो.