इरावतीबाईंची बर्लिनमधली परीक्षा

इरावती कर्वे म्हटलं की आपल्याला पहिल्यांदा ‘युगान्त’ आठवतं. मग पुण्याच्या रस्त्यावरून स्कूटर चालवणाऱ्या, त्या काळात नवऱ्याला नावाने हाक मारणाऱ्या बाई आठवतात. हे किस्से आपण इतके ऐकलेत की त्यांच्यामागची एक मोठी गोष्ट झाकूनच गेली. पंचविशीच्या आत ही बाई बर्लिनला गेली, जर्मन भाषेत शिकली, त्याच भाषेत प्रबंध लिहिला आणि त्या प्रबंधात आपल्याच गुरूचं म्हणणं खोटं ठरवलं! तेही कोण गुरू, तर पुढे हिटलरच्या राज्यात ज्यांच्या शब्दाला फार मोठी किंमत आली ते.

इरावतीबाईंचा जन्म १९०५ सालचा, ब्रह्मदेशातल्या मिंज्यानचा. वडील गणेश हरी करमरकर तिथे कापसाच्या कंपनीत होते. तिथल्या इरावती नदीवरून मुलीचं नाव ठेवलं. सातव्या वर्षी तिला पुण्याला हुजूरपागेत शिकायला पाठवलं. एवढ्याशा मुलीला समुद्रापलीकडून एकटीला ठेवायचं, म्हणजे वडिलांना शिक्षणाचं अगत्य होतंच. शाळेत शकुंतला परांजपे मैत्रीण झाली आणि तिच्यामुळे रँग्लर परांजप्यांच्या घरात इरावती लेकीसारखी वाढली. पुस्तकांनी भरलेलं, वादविवादांचं घर ते. पुढे फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन १९२६ साली बी.ए. झालं, दक्षिणा फेलोशिप मिळाली आणि मुंबईला घुऱ्यांच्या हाताखाली समाजशास्त्राचं एम.ए. १९२८ मध्ये पुरं झालं.

मधल्या काळात लग्न झालं, महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे चिरंजीव दिनकर यांच्याशी. वडिलांना हे स्थळ पसंत नव्हतं. मुलगी एखाद्या संस्थानिकाच्या घरात पडावी अशी त्यांची इच्छा होती आणि इथे तर रसायनशास्त्र शिकवणारा प्राध्यापक! पण मुलीने ऐकलं नाही. ही पहिली नाही.

दिनकरराव स्वतः जर्मनीत शिकून आलेले. आपण पाहिलं ते बायकोनेही पाहावं, तिथे जाऊन डॉक्टरेट करावी, असं त्यांच्या मनाने घेतलं. आता सासरे कोण, तर ज्यांनी बायकांच्या शिक्षणासाठी जन्म वेचला ते अण्णा. ते आनंदाने हो म्हणतील असंच कुणालाही वाटेल. पण अण्णांनी विरोध केला! विधवांना शिकवणं, हिंगण्याचा आश्रम काढणं, बायकांचं विद्यापीठ काढणं वेगळं आणि सुनेने दोन वर्षं सातासमुद्रापार एकटीने राहणं वेगळं, असं झालं असेल का? मोठ्या माणसांच्या बाबतीत असं पाहिलं की मला जरा बरंच वाटतं. घराचा उंबरा शेवटी सगळ्यांनाच आडवा येतो. गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, सत्तरी ओलांडलेले अण्णा स्वतः परदेश दौऱ्यावर निघाले आणि जिनिव्हाच्या शिक्षण परिषदेत भारतातल्या स्त्रियांच्या उच्चशिक्षणावर बोलले. तेव्हा त्यांची सून बर्लिनमध्ये शिकतच होती.

पैशाचं काय केलं? कर्ज काढलं. डॉ. जीवराज मेहता, म्हणजे काँग्रेसचे कार्यकर्ते आणि पुढे १९६० मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले ते, त्यांनी पैसे उसने दिले. दिनकररावांनी मागे राहून घर आणि नोकरी सांभाळली आणि १९२८ च्या नोव्हेंबरात इरावतीबाई बर्लिनला पोचल्या.

आपल्याकडची मुलं तेव्हा शिकायला विलायतेला जायची, मग जर्मनी का? एक तर शास्त्र विषयात जर्मन विद्यापीठांचा दबदबा होता. दुसरं म्हणजे, जिथे इंग्रजांचं राज्य नाही अशा देशात शिकण्याचं तरुणांना आकर्षण होतं. झाकीर हुसेन यांनी बर्लिनलाच डॉक्टरेट घेतली आणि १९२९ मध्ये राममनोहर लोहियाही तिथे दाखल झाले. बायकांच्या दृष्टीनेही काळ बरा होता. प्रशियातल्या विद्यापीठांची दारं मुलींना १९०८ मध्ये उघडली होती आणि १९१९ पासून जर्मन बायका मतदान करत होत्या.

पण सगळं शिकायचं ते जर्मनमध्ये. व्याख्यानं जर्मन, पुस्तकं जर्मन, तोंडी परीक्षाही जर्मन. त्या काळी बरीच पुस्तकं जुन्या टोकदार गॉथिक वळणात छापलेली असायची, ती अक्षरं लावता लावताच डोळे दुखायचे. मराठी माणसाला या भाषेत काही गोष्टी मात्र घरच्यासारख्या वाटतात. आपल्यासारखी तीन लिंगं आहेत. इंग्रजीवरून आलेला माणूस तिथे रडकुंडीला येतो, आपण तो-ती-ते म्हणत मोठे झालेले असतो. फक्त त्यांचा सूर्य ती, चंद्र तो आणि मुलगी चक्क ते! आपल्याकडे पोरगं ते असतंच, तेव्हा यातही आपण फार दचकायचं कारण नाही. क्रियापद पुष्कळदा वाक्याच्या शेवटी येतं, तेही आपल्यासारखंच. आणि शब्दाला शब्द जोडून केलेले हातभर लांबीचे शब्द संस्कृतचे समास ज्यांनी घोकलेत त्यांना सोडवता येतात.

अभ्यासाची रीतही वेगळी. तिथे दरवर्षी परीक्षा नसायची. विद्यार्थ्याने आपली व्याख्यानं आपण निवडायची, मुख्य विषयाला जोडविषय घ्यायचे आणि शेवटी प्रबंध व तोंडी परीक्षा. इरावतीबाईंनी मानववंशशास्त्राच्या जोडीला तत्त्वज्ञान आणि संस्कृतही घेतलं. संस्कृत शिकायला बर्लिनला कशाला जायचं, असं आज वाटेल. पण बर्लिनमध्ये संस्कृतचं अध्यासन १८२१ पासून होतं. जुन्या पोथ्या समोरासमोर ठेवून, पाठभेद तपासून मूळ पाठ शोधायची शिस्त तिथे पक्की झाली होती. भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम उभं करणारे विष्णु सीताराम सुखठणकरही बर्लिनचेच डॉक्टर. ‘युगान्त’मध्ये इरावतीबाई द्रौपदी आणि कुंतीबद्दल बोलतात ते याच आवृत्तीच्या आधाराने. कीर्तनातलं कुठलं, मागाहून घातलेलं कुठलं, हे बाजूला काढून मग माणसांकडे बघायचं, अशी त्यांची पद्धत.

आता मुख्य गोष्ट. जर्मनीत प्रबंधाच्या मार्गदर्शकाला एक शब्द आहे, डॉक्टरफाटर. सरळ अर्थ डॉक्टर-बाप. इरावतीबाईंचे हे तिसरे वडील म्हणजे ऑयगेन फिशर. १९२७ मध्ये बर्लिनच्या दालेम भागात कैसर विल्हेल्म संस्थेची मानववंश आणि सुप्रजननाची शाखा निघाली, तिचे ते संचालक. १९०८ साली आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत जाऊन त्यांनी मिश्र वंशाच्या लोकांची मोजमापं घेतली होती आणि अशा मिश्रणाने गोऱ्यांची हानी होते असं मत मांडलं होतं.

फिशरनी इरावतीबाईंना विषय दिला तो माणसाच्या कवटीचा. कवटीची उजवी आणि डावी बाजू अगदी सारखी नसते. फिशर यांचा कयास असा की गोऱ्या युरोपियनांत उजवीकडचा पुढचा भाग जास्त वाढलेला असतो, कारण त्यांची बुद्धी मोठी. बाकीच्या वंशांत तसं नसणार. हे मोजून दाखवायचं काम हिंदुस्थानातून आलेल्या मुलीकडे आलं. संस्थेत कवट्या होत्या त्यांतल्या कित्येक वसाहतींमधून आणलेल्या. कुणाच्या तरी आईच्या, कुणाच्या तरी मुलाच्या.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. एकेका कवटीची दोन्ही बाजूंची मापं घ्यायची, मांडायची, ताडून पाहायची. काम किचकट, वेळखाऊ. आकडे समोर आले ते असे, की दोन बाजूंतला फरक सगळीकडेच सापडतो, पण त्याचा वंशाशी काही संबंध दिसत नाही. गोऱ्यांची कवटी या बाबतीत काही खास नाही.

आता विचार करा. अंगावर कर्ज आहे. सासऱ्यांचा विरोध पत्करून आलेलो आहोत. नवरा पुण्यात वाट बघतोय. पदवी ज्यांच्या सहीने मिळायची त्यांनाच सांगायचं की तुमचं म्हणणं आकड्यांत बसत नाही. थोडं इकडचं तिकडे केलं असतं, शेवटचा परिच्छेद जरा गुळमुळीत लिहिला असता, तर कुणाला कळलं असतं? त्यांनी जे दिसलं ते लिहिलं, फिशर यांच्याच भाषेत. फिशरनी पदवी अडवली नाही, हे त्यांच्या बाजूने म्हणायला हवं. श्रेणी मात्र तळाची दिली. प्रबंध १९३१ मध्ये छापून आला.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि त्याच वर्षी फिशर बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले. १९३७ मध्ये ऱ्हाइन भागातल्या शेकडो मिश्रवर्णी मुलांची सक्तीने नसबंदी झाली. त्यांचा वंश ठरवून देणाऱ्या तज्ज्ञांत फिशर होते. युद्धानंतर त्यांच्यावर कधी खटलाही चालला नाही. १९६७ मध्ये, म्हणजे ‘युगान्त’ प्रसिद्ध झालं त्याच वर्षी, ते म्हातारे होऊन वारले.

इरावतीबाई १९३० मध्येच परतल्या होत्या. सासऱ्यांच्या विद्यापीठात रजिस्ट्रार झाल्या, १९३९ पासून डेक्कन कॉलेजात. तीन मुलं, संसार आणि महाराष्ट्रभरची पायपीट एकत्रच चालली. १९५३ मध्ये नातेसंबंधांवरचं त्यांचं मोठं इंग्रजी पुस्तक आलं, ‘युगान्त’ला १९६८ चं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालं आणि ११ ऑगस्ट १९७० ला त्या गेल्या.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. बर्लिनची मोजपट्टी त्यांनी कधी खाली ठेवली नाही. इथेही त्या जातीजातींतल्या माणसांची डोकी-नाकं मोजत राहिल्या, आणि आजचे अभ्यासक त्यावर टीका करतात ती गैर नाही. त्यांना त्यातून दिसलं ते मात्र ठाशीव समजुतींना धक्का देणारं होतं: चित्पावन आणि देशस्थ दोघे ब्राह्मण म्हणवतात, पण तेवढ्याने ते एका कुळातले ठरत नाहीत. स्वतः चित्पावन घरात जन्मलेल्या बाईने हे लिहिलं.

दालेममधली ती इमारत आता बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीकडे आहे. २०१४ मध्ये तिच्याजवळ खोदकाम चालू असताना माणसांची हाडं सापडली. पुढच्या उत्खननात सुमारे १६ हजार तुकडे निघाले, निदान ५४ जणांचे. ते कुठल्या खंडातले, कुठल्या वंशाचे, हे शोधायला आणखी तपासण्या कराव्यात का, यावर बरीच चर्चा झाली. ज्या समाजांचे ते असू शकतील त्यांच्या प्रतिनिधींनी मिळून ठरवलं, की नकोत. पुन्हा ती जुनी वर्गवारी नको. मार्च २०२३ मध्ये दालेमच्याच दफनभूमीत त्या सगळ्यांना एकत्र पुरण्यात आलं.