झेंडे दाखवणारा चित्रकार

२५ एप्रिल हा दिवस ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या देशांत ‘अँझॅक दिन’ म्हणून पाळला जातो. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, याच दिवशी या दोन्ही देशांचे सैनिक तुर्कस्तानच्या गॅलिपोली किनाऱ्यावर उतरले. त्यांच्यात एलिस सायलस नावाचे एक सिग्नलर होते. त्यांची ओळख आम्ही आज आपल्या वाचकांना करून देत आहोत.

सायलस मूळचे लंडनचे. जन्म १८८५ सालचा. घरातच चित्रकला होती, वडिलांच्या स्टुडिओत त्यांचा हात तयार झाला. १९०७ साली ते ऑस्ट्रेलियाला गेले. समुद्र आणि जहाजे हे त्यांच्या आवडीचे विषय. १९१४ साली युद्ध पेटले तेव्हा ते पर्थ शहरात होते. स्वभावाने हळवे, स्वप्नाळू. बंदूक चालवण्यापेक्षा जखमींची सेवा करणे त्यांना अधिक आवडले असते. पण भरती झाली ती १६ व्या बटालियनमध्ये, आणि काम मिळाले सिग्नलरचे.

सिग्नलर म्हणजे निरोप पोहोचवणारा. आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, त्यामुळे या कामातला धोका चटकन ध्यानात येत नाही. टेलिफोनच्या तारा जमिनीवरून टाकलेल्या असत आणि तोफगोळ्यांनी त्या तुटत. मग हातात झेंडे घेऊन, ठरावीक खुणा करून, दूरच्या माणसाला संदेश द्यायचा. समोरच्याला झेंडे दिसायला हवेत, म्हणजे आपण उघड्यावर उभे राहायला हवे. जो आपल्या माणसांना दिसतो तो शत्रूच्या नेमबाजांनाही दिसतो. खंदकातला शिपाई डोके खाली घालू शकतो. निरोप अर्धा झालेला असताना सिग्नलरला तेही करता येत नाही.

२५ एप्रिलच्या संध्याकाळी १६ वी बटालियन किनाऱ्यावर उतरली आणि तिला एका टेकडीवर पाठवण्यात आले. ती टेकडी पुढे ‘पोप्स हिल’ या नावाने प्रसिद्ध झाली. (नाव वाचून आपल्याला पोपमहोदय आठवतील, पण हे पोप म्हणजे बटालियनचे प्रमुख कर्नल हॅरल्ड पोप!) तिथे सायलस दिवसचे दिवस निरोप देत राहिले. आजूबाजूला सोबती पडत होते, झोप नव्हती. खाली किनाऱ्यावरून पाणी आणि दारूगोळा वर चढवावा लागे. त्या कामात आपल्या हिंदुस्थानातून गेलेली खेचरांची पथकेही होती, हे इथे सांगायला हवे.

२ मेच्या संध्याकाळी ‘ब्लडी अँगल’ या जागेवर हल्ला झाला. रात्रभर लढून जिंकलेली जमीन दुसऱ्या दिवशी सोडावी लागली. या एका हल्ल्यात १६ व्या बटालियनचे तीनशेहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. मग हजेरी घेतली गेली. अधिकारी नाव वाचतो. उत्तर नाही. पुढचे नाव. पुन्हा उत्तर नाही. कधी कोणी पुटपुटतो की त्याला पडताना पाहिले. सायलस त्या रांगेत हजर होते.

मेच्या अखेरीस त्यांचे मन आणि शरीर दोन्ही खचले. त्यांना इजिप्तच्या इस्पितळात आणि तिथून इंग्लंडला हलवण्यात आले. १९१६ साली ते सैन्यातून मुक्त झाले. त्या काळी अशा आजाराकडे कित्येकजण भित्रेपणा म्हणून पाहत. आम्हांला तसे वाटत नाही. भीती वाटत असतानाही महिनाभर झेंडे हातात धरून उभा राहिलेला माणूस भित्रा कसा?

आघाडीवर त्यांनी जमेल तशी रेखाटने केली होती. ती रोजनिशीतल्या नोंदींसह १९१६ साली लंडनमध्ये पुस्तकरूपाने निघाली. पुढे ऑस्ट्रेलियाच्या युद्धस्मारकासाठी त्यांनी मोठी तैलचित्रे काढली. त्यांतले हजेरीचे चित्र सर्वात गाजले. एक शिपाई म्हणून जे पाहिले तेच त्यांनी रंगवले. त्यात विजयाचा डौल नाही, नुसती थकलेली माणसे आणि रांगेतल्या मोकळ्या जागा.

त्यानंतर काही वर्षे ते न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियंड बेटांवर राहिले, तिथल्या जीवनावर पुस्तक लिहिले आणि मग इंग्लंडला परतून पुन्हा जहाजे रंगवू लागले. १९७२ साली त्यांचे निधन झाले. हजेरीचे ते चित्र कॅनबेराच्या युद्धस्मारकात जतन केलेले आहे.