हजरत उमर बिन अब्दुल अजीज (रह.) : मनाच्या गुलामीतून सुटलेले खलीफा

हवे ते, हवे तेव्हा विकत घेता येणे म्हणजेच स्वातंत्र्य, अशी समजूत आज घराघरांत रुजली आहे. ती कितपत खरी, हे हजरत उमर बिन अब्दुल अजीज (रह.) यांच्या जीवनावरून पारखून पाहता येते.

त्यांचे पिता इजिप्तचे राज्यपाल होते, तर माता उम्मे आसिम या हजरत उमर फारूक (रजि.) यांच्या नात. खलीफा अब्दुल मलिक यांची कन्या फातिमा यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि इ.स. ७०६ मध्ये ते मदिन्याचे राज्यपाल झाले. दहा विद्वानांच्या सल्ल्याने कारभार करणारा हा न्यायी पुरुष राहणीत मात्र अत्यंत शौकीन होता. शेकडो दिरहमांचे वस्त्रही त्यांच्या अंगाला खरखरीत वाटे. त्यांच्या अत्तराचा दरवळ सर्वांच्या परिचयाचा होता.

इ.स. ७१७ मध्ये (हि. ९९) खलीफा सुलैमान यांच्या निधनानंतर मृत्युपत्र उघडले गेले आणि न मागितलेली खिलाफत त्यांच्या खांद्यावर आली. शाही घोडे समोर आणले गेले. ते नाकारून त्यांनी आपले खेचर मागवले. शाही तंबू आणि गालिचे बैतुलमालमध्ये जमा झाले. राजघराण्याने बळकावलेल्या मालमत्ता परत करण्यास त्यांनी स्वतःच्या जहागिरींपासून आरंभ केला. त्यामुळे नातलग दुरावले, तरी ते डगमगले नाहीत.

फातिमा यांच्याकडे पित्याने दिलेले मौल्यवान दागिने होते. ते बैतुलमालमध्ये द्यावेत किंवा आपल्यापासून विभक्त व्हावे, असा पर्याय त्यांनी पत्नीपुढे ठेवला. फातिमा यांनी दागिने सोडले. पतीच्या निधनानंतर खलीफा झालेल्या त्यांच्या भावाने, यझीदने, ते परत देऊ केले, तेव्हाही त्यांनी ते घेतले नाहीत. ज्यांची सत्ता पाहून त्या दबल्या असत्या, ते आता या जगात नव्हते. म्हणून हा नकार सर्वस्वी त्यांचा स्वतःचा होता.

स्वतःच्या मनाविषयी ते सांगत की, एक वस्तू लाभली की ते त्याहून मोठ्या वस्तूकडे धावते. राज्यपालपद मिळाले तेव्हा त्याला खिलाफत हवी झाली. खिलाफत मिळाल्यावर या दुनियेत मागण्यासारखे काही उरले नाही, तेव्हा ते जन्नतची आस धरू लागले. ही धाव त्यांनी मारली नाही, तिची दिशा बदलली.

इ.स. ७२० मध्ये (हि. १०१), सुमारे चाळिसाव्या वर्षी, सीरियात त्यांचे निधन झाले. अखेरच्या आजारात मेहुण्याने सदरा धुण्यास सांगितले, तेव्हा दुसरा सदराच नसल्याचे फातिमा यांनी कळवले.

वाचकहो, हप्त्यांवर घेतलेला मोबाइल, कर्ज काढून थाटलेले लग्न आणि ईदला शेजाऱ्यांहून भारी कपडे, यांत निवड आपली असते की आपल्या मनाची? नको म्हणण्याचे सामर्थ्य ज्याच्या अंगी आहे, तोच खरा स्वतंत्र. अल्लाह आपणा सर्वांना ते सामर्थ्य देवो. आमीन.