वेशांतर आणि पंचनामा

मिरकरवाड्यात पुरुषमाणसे घरात सापडायची तर जून-जुलै उजाडावा लागतो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. जेटीवरची वर्दळ ओसरते, होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या असतात, भगवती किल्ल्याचा माथा ढगात गेलेला असतो आणि ओटीवर जाळी सांधत बसलेल्या माणसांचे निम्मे लक्ष हातातल्या सुईकडे तर निम्मे आतल्या टीव्हीकडे असते. पोलिसी मालिका इथे फार आवडीने पाहिल्या जातात. दूरदर्शनवर एक शून्य शून्य आणि हॅलो इन्स्पेक्टर होत्या, तेव्हा वाडीत टीव्ही मोजकेच होते आणि आम्ही पन्नास-साठजण एका खोलीत कोंडून घ्यायचो. पुढे १९९८ साली सी. आय. डी. सुरू झाली. ती २०१८ पर्यंत चालली, थांबली आणि २०२४च्या डिसेंबरात परत आली. दाराला लाथ मारणारा तो इन्स्पेक्टर दया आमच्याकडच्या पोरांना स्वतःच्या चुलत्याइतका ओळखीचा आहे.

आमच्या शेजारी एक निवृत्त हवालदार राहतात. नोकरीतली छत्तीस वर्षे त्यांनी याच जिल्ह्यात काढली. सगळी वाडी त्यांना हवालदारकाका म्हणते. काका या मालिका चुकवत नाहीत. पण त्यांच्यासोबत बसून पाहणे म्हणजे शिक्षाच. पडद्यावर प्रेत सापडले, की पहिली शंका काकांची. पंच कुठे आहेत? साहेबाने रुमालात पिस्तूल उचलले, की त्यांना सील आणि लेबल आठवते. प्रयोगशाळेतला डॉक्टर नळी हलवून तिथल्या तिथे विषाचे नाव सांगतो, तेव्हा काका नुसते हसतात. व्हिसेरा राखून ठेवल्यावर अहवालाची वाट पाहण्यात किती महिने जातात, हे त्यांना पाठ आहे. एसीपीसाहेब स्वतः सहा माणसे घेऊन एकाच खुनामागे फिरताना दिसले, की काकांना मिरवणुकीचा बंदोबस्त, समन्सची बजावणी, कोर्टातल्या तारखा आणि रात्रीची गस्त आठवते. पोलिसाच्या नोकरीतला बहुतेक वेळ त्यातच जातो आणि त्यातले काहीही मालिकेत येत नाही.

एकदा त्यांच्या नातवाने मला विचारले, की असा पोलीस खरोखर कधी झालाच नाही का? मी शाळेत इतिहास शिकवायचो, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. नाही म्हणणार होतो, पण मला एक माणूस आठवला. वेश बदलून हिंडणारा, भिंतीच्या भोकातून कट ऐकणारा, एकट्याने जमावासमोर घोडा घालणारा. त्याचे नाव चार्ल्स फोर्जेट. मुंबईत ताडदेवच्या बाजूला त्याच्या नावाचा रस्ता अजून आहे. तिथून रोज जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हा कोण ते ठाऊक असेल.

फोर्जेट गोरा साहेब म्हणून इथे आलेला नव्हता. तो इथेच वाढला. बाप मद्रासच्या तोफखान्यातला, रक्त मिश्र, वर्ण सावळा. कंपनी सरकारच्या दरबारात या गोष्टी अडचणीच्या असत, पण याच गोष्टी पुढे त्याच्या भांडवल ठरल्या. आधी त्याने मोजणी खात्यात नोकरी केली, मग मराठी आणि हिंदुस्तानीचा सरकारी भाषांतरकार झाला, पुढे पोलिसात आला. मराठी तो ऐकून शिकलेला होता. बोलताना त्याची परकी जीभ उघडी पडत नसे. १८५५ साली मुंबई शहराच्या पोलिसांची प्रत्यक्ष सूत्रे त्याच्या हाती आली.

त्या वेळचे मुंबईचे पोलीस दल लाचखोरीने पोखरलेले होते. फोर्जेटने ते दुरुस्त करायला वापरलेली युक्ती कोणत्याही मालिकेच्या लेखकाला हेवा वाटावा अशी आहे. तो वेश बदलून स्वतःच्याच हाताखालच्या माणसांना लाच देऊ करी. जो घेई तो दुसऱ्या दिवशी घरी. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्याशी त्याने लावलेल्या पैजेची गोष्टही सांगतात. कितीही पहारे बसवा, मी तुमच्या शयनगृहापर्यंत येऊन दाखवतो, अशी ती पैज. आणि सकाळी गव्हर्नरसाहेबांना जाग आली तेव्हा खोलीत झाडू घेऊन उभा असलेला मेहतर म्हणजे फोर्जेट होता. या गोष्टीत किती मीठमसाला आहे ते देव जाणे.

१८५७च्या उन्हाळ्यात मीरत आणि दिल्लीच्या बातम्या मुंबईत पोहोचल्या. शहरात देशी शिपायांच्या तीन पलटणी होत्या, गोरी फौज अगदी थोडी. सेनाधिकाऱ्यांचा आपल्या शिपायांवर विश्वास होता, फोर्जेटचा नव्हता. तो रात्री-अपरात्री वेश पालटून बाजारात, गुत्त्यांत, शिपायांच्या वस्तीत फिरू लागला. उत्तरेकडच्या बंडवाल्यांच्या विजयाची कोणी फुशारकी मारली, की शीळ घालून दबा धरलेली माणसे बोलवायची आणि बोलणाऱ्याला जागच्या जागी धरायचे. शहरात अशी दहशत बसली, की शेजारी बसलेला अनोळखी माणूस फोर्जेट नसेल कशावरून, म्हणून लोक बोलायचे थांबले. पोलीस कचेरीच्या आवारात त्याने फाशीचा खांब उभा केला, संशयितांना बोलावून तो दाखवला आणि गडबड केलीत तर इथेच लटकाल अशी समज दिली. नाना शंकरशेटांसारख्या माणसाकडेही त्या दिवसांत संशयाने पाहिले गेले. चौकशीतून अर्थातच काही निघाले नाही.

मोहरमच्या अखेरीस ठिणगी पडली. पलटणीतल्या एका दारू प्यालेल्या ख्रिस्ती ढोलवाल्याने हिंदूंच्या मिरवणुकीतली देवाची मूर्ती पाडली. पोलिसांनी त्याला धरले. वीसेक शिपायांनी चौकीवर येऊन त्याला सोडवले आणि पोलिसांना झोडपले. बातमी कळताच फोर्जेट आपल्या गोऱ्या घोडेस्वारांना मागून यायला सांगून एका सहायकासह पुढे दौडला. शिपाई बाहेर पडू पाहत होते आणि त्यांचे अधिकारी उपसलेल्या तलवारींनी त्यांना अडवीत होते. फोर्जेटला पाहून शिपाई आणखी चिडले, तेव्हा त्या अधिकाऱ्यांनीच त्याला परत जाण्याची विनंती केली. तो हलला नाही. पन्नास-पंचावन्न घोडेस्वार येऊन पोहोचेपर्यंत तसाच उभा राहिला, आणि ती रात्र निभावली.

पण खरा कट अजून बाहेर यायचा होता. सोनापूर भागात गंगाप्रसाद नावाच्या माणसाच्या घरी शिपाई जमतात, असा सुगावा फोर्जेटला लागला. त्याने गंगाप्रसादला गुपचूप आणवले आणि सगळे वदवून घेतले. मग त्या घरातल्या शेजारच्या खोलीच्या भिंतीला भोके पाडून तो तिथे जाऊन बसू लागला. एकदा तर त्याने मरीन बटालियनचा प्रमुख मेजर बॅरो यालाच सोबत नेले. आपलीच माणसे आपल्याविरुद्ध मसलत करताना त्याला भिंतीआडून पाहावी लागली. दिवाळीत उठाव करायचा, असा बेत होता. पुढचे सर्व झटपट झाले. लष्करी न्यायासनापुढे खटला चालला, आणि १५ ऑक्टोबर १८५७ रोजी एस्प्लनेड मैदानावर, म्हणजे आजच्या आझाद मैदानाच्या परिसरात, मरीन बटालियनचा हवालदार सय्यद हुसेन आणि १०व्या पलटणीचा शिपाई मंगल गडिया यांना तोफेच्या तोंडी दिले. दिवाळी त्यानंतर दोन दिवसांनी होती.

शिकवताना या ठिकाणी मी नेहमी अडखळायचो. गोष्ट फोर्जेटच्या बाजूने सांगितली, की मुले त्याच्या हुशारीवर खूश होतात. आणि शेवटी तोफेला बांधलेले दोघे आपले आहेत हे लक्षात आले, की वर्ग गप्प होतो. शिवाय फोर्जेटच्या या पराक्रमाचा मोठा भाग त्याने स्वतःच १८७७ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकातून आपल्याकडे आला आहे. नायकानेच लिहिलेली पटकथा! गंगाप्रसादला त्या रात्री काय काय सोसावे लागले, ते गंगाप्रसादने लिहून ठेवलेले नाही.

फोर्जेटचे पुढचे आयुष्य सुखाचे गेले. शहराच्या कारभारातही त्याचा हात होता. आज हॉर्निमन सर्कल म्हणून ओळखतो त्या जागेचे उजाड मैदान जाऊन वर्तुळाकार चौक व्हावा, ही मूळ कल्पना त्याची. १८६४च्या सुमारास तो निवृत्त झाला. देशी व्यापाऱ्यांनी त्याला मोठमोठ्या थैल्या दिल्या, हेही नमूद केले पाहिजे. सगळे शहर त्याच्यावर दात खाऊन नव्हते. इंग्लंडमध्ये बांधलेल्या घराला त्याने कावसजी जहांगीर यांचे नाव दिले. १८९० साली तो तिकडेच वारला. गंमत अशी, की मुंबईच्या पोलीस आयुक्तांची अधिकृत यादी त्याच्यानंतर आलेल्या फ्रँक साउटरपासून, १८६४च्या डिसेंबरपासून सुरू होते.

नातवाला हे सगळे सांगितले, तेव्हा काका ऐकत होते. ते म्हणाले, की हा माणूस कोर्टात टिकला नसता. मी चमकलो, कारण मला जे सांगायचे होते ते त्यांनी एका वाक्यात सांगितले होते. फोर्जेट वावरला तो काळ कायद्यांच्या आधीचा. मद्रास इलाख्यात लोकांचा छळ करून कबुल्या घेतल्या जातात, हे १८५५ सालच्या सरकारी चौकशीतच उघड झाले होते. १८६१च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने आणि मग १८७२च्या पुरावा कायद्याने ठरवून टाकले, की पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही. तो होता कलम २५. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी ही तरतूद कलम २३ म्हणून कायम राहिली. इंग्रजांनी हा कायदा आपल्या प्रेमापोटी केला नाही. आपलेच पोलीस काय करतात हे त्यांना ठाऊक होते, म्हणून केला.

आता मालिकेचा शेवटचा भाग आठवा. सगळे संशयित एका खोलीत, साहेबाचे बोट वळलेले, एक सणसणीत थप्पड आणि गुन्हेगार घडाघडा बोलू लागतो. कागद नाही, दंडाधिकारी नाही, वकील नाही. लगेच त्याला फाशीचे भविष्यही सांगून टाकतात. लोक म्हणतात, मालिकेतला पोलीस खोटा असतो. मला तसे वाटत नाही. तो खरा आहे, फक्त १८५७ सालचा आहे. फोर्जेटचे सगळे अधिकार, त्याचा तो फाशीचा खांबसुद्धा, आपण त्याच्या हाती परत दिले आहेत आणि वर टाळ्याही वाजवतो. फोर्जेटचे खरे हुन्नर मात्र मालिकेने घेतलेले नाही. लोकांची भाषा जाणणे, भिंतीआड रात्र-रात्र कान देऊन बसणे, आपल्याच खात्यातल्या लाचखोराला आधी पकडणे, यांना तिथे जागा नाही.

आणि मालिका काय गाळते ते मी या वाडीतच पाहिले आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी पावसाळ्यात खडकांवर एक प्रेत लागले. बरेच दिवस पाण्यात राहिलेले. काका तेव्हा नोकरीत होते. त्यांनी मला आणि आणखी एकाला पंच म्हणून बोलावले. वरून पाऊस, खाली लाटा, एकाने कागदांवर छत्री धरलेली, आणि काका दगडावर बसून मरणोत्तर पंचनामा लिहीत होते. तेव्हाचे कलम १७४. शर्टाचा रंग, उरलेली बटणे तीन, कमरेला काळा दोरा, उजव्या मनगटाजवळ गोंदण, अक्षर अस्पष्ट. नाकाला रुमाल लावून मी मागे सरकलो, की ते मला पुन्हा पुढे बोलावत. पंचाने पाहिलेच पाहिजे. ते अक्षर र की स, यावर दहा मिनिटे गेली. शेवटी त्यांनी दोन्ही शक्यता लिहिल्या. अडीच तासांनी मी सही केली.

अकस्मात मृत्यूची नोंद झाली. बेवारस खलाशी असावा, असा अंदाज. काकांनी किनाऱ्यावरच्या इतर ठाण्यांना वर्णन पाठवले, जेटीवर परप्रांतीय खलाशांत विचारपूस केली, तांडेलांना भेटले. कोणी ओळख दिली नाही. मुदत संपल्यावर दफन झाले. खून नव्हता, कट नव्हता, दार तोडायचे नव्हते. कोणाचा तरी मुलगा घरी पोहोचला नव्हता, एवढेच.

काका निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. अजूनही रोज सकाळी पेपर आला, की ते आधी आतल्या पानावरची बेपत्ता माणसांची जाहिरात काढतात आणि चष्मा कपाळावर सारून, कागद डोळ्यांजवळ नेऊन, खालच्या बारीक अक्षरांत कुठे गोंदण म्हणून लिहिले आहे का ते पाहतात. नऊ वाजता मालिकेचे पुनःप्रक्षेपण लागते. ते चालू असतानाही पेपर त्यांच्या हातातच असतो.