प्रवरेकाठच्या दिव्याची गोष्ट

भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी नगर जिल्ह्याच्या उत्तर भागात पाणी आणले. पण पाणी आले म्हणून सुबत्ता आली, असे झाले नाही. घाम शेतकऱ्याने गाळायचा, उसाच्या गुळाचा भाव व्यापाऱ्याने ठरवायचा आणि साखरेचा नफा खासगी कंपनीने न्यायचा, अशी रीत पडून गेली होती. ती मोडण्याचा ध्यास घेतलेला माणूस शिकला होता जेमतेम चौथीपर्यंत. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील ते हेच.

नारळी पौर्णिमेला शेतकऱ्याच्या घरात त्यांचा जन्म झाला. सावकाराच्या वहीत अडकलेली गावे त्यांनी लहानपणापासून पाहिली. १९२३ मध्ये त्यांनी लोणीत सहकारी पतसंस्था उभी केली. कर्ज काढणारा आणि कर्ज देणारा एकाच गावचा. एकाने हप्ता बुडवला तर शेजाऱ्याचे बी-बियाणे अडते, हे सर्वांना दिसत होते. सहकाराचा हा पहिला धडा विठ्ठलराव पुढे कधी विसरले नाहीत.

१९४५ मध्ये बेलापूर रोड, म्हणजे आजचे श्रीरामपूर, येथे बागाईतदारांची परिषद भरली. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी तेथे शेतकऱ्यांच्या मालकीच्या साखर कारखान्याची कल्पना मांडली. विठ्ठलरावांनी ती उचलली आणि गावोगाव पायपीट करून भागभांडवल गोळा केले. लोक हसले, काहींनी दारे लावून घेतली, पण ते खचले नाहीत. गाडगीळ अध्यक्ष झाले आणि १९५० च्या अखेरीस प्रवरानगरच्या गव्हाणीत मोळी पडली. १९६० मध्ये अध्यक्षपद विठ्ठलरावांकडे आले. १९६१ मध्ये पंडित नेहरूंनी कारखान्याला भेट दिली आणि त्याच वर्षी विठ्ठलरावांना पद्मश्री मिळाली.

या कारखान्यात विजेचाही एक धडा होता. रस निघाल्यावर उरणारा चिपाडाचा भुसा, म्हणजे बगॅस, साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये जाळतात. त्याच्या वाफेवर चरक फिरतो, रस आटतो आणि दिवेही लागतात. कोळसा दूरवरून आणायला नको. शेतातून आलेल्या उसानेच साखर द्यायची आणि इंधनही. पुढच्या काळात राज्यातील अनेक कारखाने जादा वीज विकू लागले, त्याचे मूळ या साध्या व्यवहारात आहे.

कारखान्यात दिवे लखलखत होते, पण शिवारात मात्र मोट होती, फार तर डिझेलचे इंजिन. देशात १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले आणि प्रयोग म्हणून पाच वीज सहकारी संस्था निवडल्या गेल्या. महाराष्ट्रातली एकमेव संस्था याच मुलखातली होती. श्रीरामपूरची मुळा-प्रवरा! विठ्ठलरावांच्या हयातीतच ती सुरू झाली. वीज मंडळाकडून घाऊक वीज घ्यायची आणि सभासदांना पुरवायची, असा तिचा व्यवहार. ज्या मातीत सहकार रुजला होता तेथेच हा प्रयोग व्हावा, यात नवल नव्हते. विहिरींवर विजेचे पंप बसले, वाड्या-वस्त्या उजळल्या, कंदील माळ्यावर गेले. २७ एप्रिल १९८० रोजी विठ्ठलराव गेले, तेव्हा त्यांच्या मुलखातला अंधार पुष्कळ ओसरला होता.

पण गोष्ट येथे संपत नाही. शेतीपंपांची आकारणी बहुतेक ठिकाणी मीटरवर नव्हे, पंपाच्या अश्वशक्तीवर होई. किती वीज वापरली आणि किती वाया गेली, हे ना देणाऱ्याला कळे ना घेणाऱ्याला. विजेचा दर खर्चाला पुरेना, वसुली मागे पडली आणि घाऊक विजेची थकबाकी वर्षानुवर्षे साचत गेली. २०११ च्या आरंभी संस्थेचा परवाना संपला आणि तो भाग महावितरणकडे गेला. पतसंस्थेत शेजाऱ्याचा बुडालेला हप्ता दिसत होता. तारेतून वाहून गेलेली वीज मात्र कोणाला दिसली नाही. सभासद मालक होता, पण त्याच्या हाती हिशेबच नव्हता.

आता याच जिल्ह्यात नवा अध्याय सुरू आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा पहिला प्रयोग पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीने पाहिला. रात्री-अपरात्री पाणी धरायला जाणारा, अंधारात साप-विंचवाला भिणारा शेतकरी दिवसा वीज मागतो आणि सूर्य ती देऊ शकतो. स्वच्छही आणि स्वस्तही.

तरीही वीज भरवशाची व्हायला पॅनेल आणि तारा पुरणार नाहीत. विठ्ठलरावांनी ऊस, साखर, शाळा, दवाखाना यांपलीकडे या मुलखाला एक सवय दिली. जे आपले आहे, त्याचा हिशेब आपणच ठेवायचा. नव्या सौर पंपाचे बटण दाबणाऱ्या हातांनी ती सवय पुन्हा जोडून घेतली, तर प्रवरेकाठचा दिवा पुढच्या पिढीतही तेवत राहील.