डॉक्टर मार्कस व्हिटमन

अमेरिकेच्या पश्चिमेकडील ऑरेगॉन संस्थानाच्या आरंभीच्या इतिहासात डॉ. मार्कस व्हिटमन यांचे नाव प्रसिद्ध आहे. त्यांचा जन्म ४ सप्टेंबर १८०२ रोजी न्यूयॉर्क संस्थानात झाला. काही वर्षे वैद्यकी केल्यावर त्यांनी अमेरिकन बोर्डाच्या सेवेस स्वतःला वाहून घेतले. याच बोर्डाने १८३१ साली आपल्या अहमदनगरास मिशनचे ठाणे उघडले होते.

१८३६ साली विवाह होताच ते पत्नी नार्सिसा व स्पॉल्डिंग दांपत्य यांच्यासह निघाले. रॉकी पर्वत ओलांडून जाणाऱ्या पहिल्या गोऱ्या स्त्रिया त्या दोघीच होत. वाला वाला नदीकाठी वाइलात्पू येथे केयूस नावाच्या मूळ रहिवाशांमध्ये व्हिटमन यांनी घर बांधिले, शेती केली, शाळा चालविली व रोग्यांस औषध दिले. १८३९ साली त्यांची दोन वर्षांची एकुलती कन्या अ‍ॅलिस नदीत बुडून वारली. तरी त्यांनी ठाणे सोडिले नाही.

१८४२ साली ठाणे बंद करण्याचा बोर्डाचा हुकूम आला. भर हिवाळ्यात घोड्यावरून दूरचा प्रवास करून डॉक्टर बोस्टनला पोहोचले व त्यांनी तो हुकूम फिरविला. या प्रवासाने त्यांनी ऑरेगॉन इंग्रजांच्या हातून वाचविले, अशी कथा पुढे पसरली. संशोधकांनी ती निराधार ठरविली आहे. खरे इतकेच की, १८४३ साली परतताना सुमारे १,००० वसाहतकऱ्यांच्या तांड्यास त्यांनी वाट दाखविण्यास साहाय्य केले. पुढे दरवर्षी गाड्या येऊ लागल्या व ठाणे वाटसरूंचा विसावा बनले. केयूस लोकांना मात्र आपली भूमी हातची जाईल असे भय वाटू लागले.

१८४७ साली गोवराची साथ आली. डॉक्टरांनी दोहोंकडील रोग्यांची शुश्रूषा केली. गोऱ्यांची मुले बहुधा बरी झाली; परंतु ज्यांच्या अंगी या नव्या रोगास तोंड देण्याची शक्ती नव्हती, ती केयूस मुले भराभर मेली. हा वैद्य विष देतो, असा संशय पसरला. रोगी दगावल्यास वैद्याचा प्राण घेण्याची रीतही त्यांच्यात होती. २९ नोव्हेंबर रोजी डॉक्टर व नार्सिसा मारली गेली. त्या दिवशी व पुढील काही दिवसांत एकंदर १३ जणांचा वध झाला. १८५० साली याबद्दल पाच केयूस पुरुषांस फाशी देण्यात आले. मध्यंतरी, १८४८ साली, ऑरेगॉन अमेरिकन सरकारचा रीतसर प्रांत झाला. १८५९ साली त्यास संस्थानाचा दर्जा मिळाला. वाइलात्पूची जागा आज वॉशिंग्टन संस्थानात आहे.

डॉक्टरांचे धैर्य थोर होते. परंतु ज्यांच्याकरिता ते गेले, त्यांचा विश्वास ते राखू शकले नाहीत. ज्यांची सेवा करावयाची त्यांच्या भयाकडे कान न दिल्यास, दिलेले औषधही त्यांस विष वाटते. खेडोपाडी सेवा करणाऱ्या प्रत्येकाने हे मनात बाळगावे.